आतल्या टायरची हवा

आधी वाटलं, रस्ता ओला आहे. नोव्हेंबर होता, पाऊस जाऊन महिना उलटला होता, पण आमच्या तळोज्याच्या रस्त्यावर टँकरमधून पाणी सांडणं नेहमीचंच. संध्याकाळचे सात वाजले असतील. महाप्याहून घरी येत होते. दहिसर मोरी मागे पडली होती. स्कूटरचं पुढचं चाक त्या ओल्या डागावर चढलं आणि तेव्हा कळलं, की हा डाग नाही, काहीतरी जाड आहे. पुढचं सलग आठवत नाही. हँडल वळलं, उजवा तळवा रस्त्यावर घासला, आणि मागून ब्रेकचा लांबलचक आवाज आला.

मागे एक छोटा टेम्पो होता. त्याने गाडी माझ्यामागे आडवी उभी केली. मागून येणाऱ्यांना मी दिसले नसते, टेम्पो दिसला असता. चारही इंडिकेटर लावून तो उतरला. "ताई, लगेच उठू नका. आधी बोटं हलवून बघा." बोटं हलत होती, मनगट हलत नव्हतं. त्याने मला कडेला बसवलं, स्कूटर ढकलत आणून लावली आणि पुन्हा रस्त्यावर गेला. दोन्ही हातांनी ओढत त्याने ती वस्तू उचलली तेव्हा मला ती नीट दिसली. ट्रकच्या टायरचा पट्टा. माणसाएवढा लांब, एका बाजूला नक्षी, दुसऱ्या बाजूने तारा बाहेर आलेल्या. तो दुभाजकापाशी गेला, पलीकडे टाकायला त्याने हात मागे नेला, आणि मी जिवाच्या आकांताने ओरडले, "दादा, पलीकडे नको!"

तो थांबला. पलीकडून पनवेलकडून येणारे कंटेनर चालले होते आणि त्यांच्या मधल्या जागेतून माझ्यासारख्याच दुचाकी. त्याने एकदा तिकडे पाहिलं, मग तो जड पट्टा परत ओढत अलीकडे आणला आणि रस्त्याच्या खाली, गवतात टाकला. दिव्याखाली येऊन हात पाहिला तर तळव्यात तार घुसली होती. त्या रात्री आम्ही दोघं एकाच दवाखान्यात बसलो होतो, मी प्लास्टरसाठी आणि तो धनुर्वाताच्या इंजेक्शनसाठी. नाव विचारायचं राहून गेलं.

हे पट्टे आपण सगळेच बघतो. कळंबोली सर्कलला, मुंब्रा बायपासच्या उतारावर, खारेगावच्या पुलाच्या आधी, घोडबंदरला गायमुखच्या घाटात. दुभाजकाला चिकटून मरून पडलेल्या जनावरासारखे दिसतात. कधी लांब आणि वळलेले, कधी हातभर, कधी नुसते ओंजळभर चुरा. आपण गाडी थोडी बाजूला घेतो आणि पुढे जातो. मी अकरा वर्षं तेच केलं. कुणाचा तरी टायर फुटला असेल, एवढंच मनात येई, आणि तेही पूर्ण मनात येण्याआधी मी पुढे गेलेली असे.

माझे सासरे, आबा, एकतीस वर्षं ट्रकवर होते. माण तालुक्यातून दुष्काळात आले, आधी क्लीनर, मग ड्रायव्हर. १९८९ मध्ये न्हावा शेवा बंदर सुरू झालं, त्यानंतर दोनेक वर्षांत कंटेनरवर लागले आणि निवृत्त होईपर्यंत बंदर ते भिवंडी हाच त्यांचा रस्ता. माझा हात प्लास्टरमध्ये पाहून ते काहीच बोलले नाहीत. बोलणारे नाहीतच फार. चौथ्या दिवशी सकाळी चहा घेताना विचारलं, "पट्टा होता, का तुकडा?"

"पट्टा, आबा."

"तारा होत्या?"

"होत्या."

"आणि कड? सुरीनं कापल्यागत, का कुत्र्यानं फाडल्यागत?"

ते मला सांगता येईना. त्या दुपारी आबा रिक्षा करून त्या जागी गेले आणि गवतातून तो पट्टा शोधून गोणीत घालून घेऊन आले. सगळा नाही, कोयत्याने तोडून आणलेला दीड हाताचा तुकडा. गॅलरीत पेपर पसरून त्यावर ठेवला आणि मला बसवून दाखवला.

तो तुकडा अजून आमच्याकडे आहे, म्हणून त्याच्याबद्दल खात्रीने लिहिते. वरून काळी नक्षी, तिच्या खाचांत अडकलेले तीन-चार खडे. नक्षी बऱ्यापैकी शिल्लक होती, म्हणजे टायर गोटा झालेला नव्हता. कायद्याने मोठ्या गाडीच्या टायरची नक्षी १.६ मिलिमीटरच्या खाली जाऊ द्यायची नसते, ही त्याच्या दुपटीहून जास्त होती. उलट केला की खाली तारांचे थर, एकावर एक तिरपे बसवलेले. बाहेर राहिलेली टोकं चार दिवसांच्या दवाने तांबडी पडली होती, पण आबांनी सुरीने रबर खरवडून आतली तार दाखवली तेव्हा ती पिवळी निघाली, एखाद्या बांगडीसारखी. टायरच्या पोलादी तारेवर पितळेचा मुलामा असतो, कारण नुसत्या पोलादाला रबर धरत नाही, पितळेला धरतं. आणि कडेला एका जागी रबर चिकट झालं होतं. बोट लावलं तर काळं लागलं आणि धुतल्यावरही सहज निघालं नाही.

"हे बघ," आबा म्हणाले, "हितं भाजलाय. आतनं."

टायर आतून भाजतो हे मला माहीत नव्हतं. आबांनी समजावलं त्यांच्या पद्धतीने, आणि मग मी वाचत गेले तसं त्यांचं बरंचसं बरोबर निघालं. टायर रस्त्याला टेकतो तिथे दबतो आणि वर गेला की परत मूळ आकाराला येतो. ट्रकचा टायर एका किलोमीटरला साधारण ३०० वेळा फिरतो. बंदर ते भिवंडी ६० किलोमीटर धरले तर १८,००० वेळा दबणं आणि उठणं. प्रत्येक दबण्यात थोडी उष्णता तयार होते. हवा बरोबर असेल तर टायर थोडाच दबतो आणि उष्णता वाऱ्याने निघून जाते. हवा कमी असेल तर टायर जास्त दबतो, जास्त तापतो, आणि रबर उष्णता सहज बाहेर सोडत नाही. ती तारांच्या थरांपाशी साठत राहते. चार्ल्स गुडइयरने १८३९ साली रबर आणि गंधक तापवून पक्कं रबर तयार करण्याची युक्ती शोधली. ज्या उष्णतेने हा टायर साच्यात घट्ट झाला, तीच रस्त्यावर प्रमाणाबाहेर वाढली की रबर आणि तार एकमेकांना सोडून देतात. मग एखादा खड्डा, एखादं वळण, आणि वरचा पट्टा उडतो.

माझा समज होता, की ड्रायव्हरला कळत असेल. कारचा टायर बसला की कळतंच. पण ट्रकच्या मागे टायर जोडीने असतात, बाहेरचा आणि आतला. जोडीतला एक बसला तरी गाडी झुकत नाही, कारण दुसरा ओझं घेतो. "तो काय बोलत नाय," आबा म्हणाले. "दुसऱ्याचंबी वजन घिऊन पळतो. तासाभरानं त्योबी जातो." आतला टायर वाकून, बॅटरी मारून बघितल्याशिवाय दिसत नाही. चिखल असतो, अंधार असतो. बावीस चाकांच्या ट्रेलरला त्या वाकण्याला किती वेळ लागेल, याचा हिशोब मी केला. नीट गेज लावून, हवा मोजून बघायचं म्हटलं तर अर्धा तास.

त्याच्याऐवजी ड्रायव्हर टॉमीने, म्हणजे लोखंडी दांड्याने, टायर ठोकतात. निघण्याआधी गाडीभोवती फिरायचं आणि लोखंडी टॉमीने प्रत्येक टायरवर एक टोला द्यायचा. भरलेला टायर टणक वाजतो आणि टॉमी उसळून परत हातात येते. बसलेला टायर भद वाजतो आणि टॉमी तिथेच राहते. मी आबांना विचारलं, हे पुरतं का? त्यावर ते जे म्हणाले ते मी लिहून ठेवलंय. "टॉमीनं मेलेला टायर कळतो, आजारी कळत नाय. आजाऱ्याला गेज लावावा लागतो." आपल्या कारच्या टायरमध्ये ३२-३५ पीएसआय हवा असते, ट्रकच्या टायरमध्ये शंभराच्या वर, अगदी १२० पर्यंत. त्यातली वीस-पंचवीस गेली तरी टायर उभाच दिसतो, टणकच वाजतो, आणि आतून भाजत राहतो.

महिन्याने प्लास्टर निघालं तेव्हा आबा मला कळंबोलीला त्यांच्या जुन्या ओळखीच्या रिमोल्डवाल्यांकडे घेऊन गेले. खरं तर मला त्यांच्याशी भांडायचं होतं. ऑफिसात, दवाखान्यात, नातेवाइकांत, सगळ्यांनी मला एकच सांगितलं होतं, की ही रिमोल्डची भानगड आहे. जुन्या टायरवर नवा पट्टा चिकटवतात, तो सुटतो आणि तुमच्या-आमच्या चाकाखाली येतो. मलाही ते पटलं होतं. दोषी मिळाला की मनाला बरं वाटतं.

शेडमध्ये रबर जळाल्याचा गोड आणि घशात बसणारा वास होता. एका मशीनवर टायर फिरत होता आणि त्याची जुनी नक्षी खरवडून निघत होती, काळा भुगा अंगावर उडत होता. खरवडण्याआधी एक पोरगा टायर फाकवून आतून हात फिरवत होता, डोळ्याने कमी आणि बोटांनी जास्त बघत होता. कुठे फुगवटा, कुठे चीर, कुठे खिळ्याचं जुनं भोक. काही टायर तो तिथूनच बाजूला काढत होता. ते परत जाणार होते, कारण नक्षी नवी लावता येते, खालचं धड नवं करता येत नाही. पास झालेल्या धडाला सोल्युशन लावून, त्यावर नक्षीचा तयार पट्टा गुंडाळून, वरून रबरी आवरण चढवून टायर चेंबरमध्ये जातो आणि शंभर अंशांच्या आसपास काही तास शिजतो. मालक काका आमच्यासाठी चहा मागवून म्हणाले, "सूनबाई, विमानाचेसुद्धा टायर रिट्रेड होतात. लोक त्यात बसतात की नाही?" रिट्रेड म्हणजे रिमोल्डच, आणि हे खरं आहे. विमानाचा टायर एकदा नाही, अनेकदा रिट्रेड होतो, कारण तिथे प्रत्येक वेळी धड तपासलं जातं आणि हवा रोज बघितली जाते.

आबांनी पिशवीतून माझा तुकडा काढून त्यांच्यासमोर ठेवला. काकांनी चष्मा लावला, तारा पाहिल्या, चिकट जागेवर अंगठा घासला. रिमोल्डचा पट्टा सुटला असता तर तो जिथे चिकटवला होता तिथून सुटला असता, खालची बाजू खरवडलेली आणि सपाट दिसली असती. ह्याच्या तर तारा आल्या होत्या. धडच तुटलं होतं. "हा आमचा नाही," ते म्हणाले, पण सुटल्याच्या आनंदाने म्हणाले नाहीत. तुकडा बराच वेळ हातात धरून बसले होते.

नंतर मला कळलं, की हेच काम अमेरिकेत फार मोठ्या प्रमाणावर झालं आहे. मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी महामार्गांवरचे ट्रकच्या टायरचे तुकडे गोळा करून एकेक तपासला, २००८ साली त्याचा अहवाल आला. रस्त्यावर धावणाऱ्या टायरांत रिट्रेड जेवढे, साधारण तेवढ्याच प्रमाणात ते तुकड्यांतही होते. नवे टायरही तसेच फाटत होते. कारणं निघाली ती अति उष्णता आणि रस्त्यावरच्या वस्तूंनी झालेल्या इजा. म्हणजे एखाद्याचा पडलेला तुकडा दुसऱ्याच्या टायरला जखम करतो आणि पुढे आणखी एक पट्टा पडतो. तिकडचे ट्रकवाले या पट्ट्यांना मगर म्हणतात, म्हणे. पाण्यात पडून असल्यासारखी, वरून गेलात की शेपूट मारणारी.

तिकडच्याच एएए फाउंडेशन या वाहतूक सुरक्षेवर काम करणाऱ्या संस्थेच्या २०१६ च्या अभ्यासात एक आकडा आहे, तो मी घरी सगळ्यांना पुन्हा पुन्हा सांगते. रस्त्यावर पडलेल्या सगळ्या प्रकारच्या वस्तूंमुळे चार वर्षांत २ लाखांवर अपघात आणि सुमारे ५०० मृत्यू झाले, आणि त्या मृत्यूंपैकी एक तृतीयांशाहून जास्त मृत्यू झाले ते वस्तू चुकवण्यासाठी गाडी एकदम वळवल्यामुळे. वस्तूने थेट मारलेलं कमी नाहीच, पण वळण फार महाग पडतं. कार चालवणाऱ्या माझ्या नवऱ्याला मी सांगते, हात घट्ट, वेग कमी, आरशात बघितल्याशिवाय लेन सोडायची नाही. दुचाकीवर मात्र ही सवलत नाही. आपल्याला तो पट्टा आधीच दिसायला हवा, आणि तो दिसण्यासाठी पुढच्या ट्रकपासून लांब राहायला हवं. त्या संध्याकाळी मी एका डंपरच्या अगदी मागे होते, धुळीत. डंपरच्या चाकांमधून तो पट्टा सरळ निघून गेला आणि माझ्यासमोर आला, तेव्हा मला वाचायला दोन स्कूटरएवढं अंतर होतं.

रिमोल्डवाले सुटले, मग राग काढायचा कुणावर? मी आबांना हे विचारलं तेव्हा ते मला रात्री साडेनऊला रस्त्यावर घेऊन गेले. आमच्या वसाहतीच्या फेजपासून चालत पंधरा मिनिटांवर. डाव्या बाजूला ट्रक आणि ट्रेलरची रांग उभी होती, ती कुठे संपते ते दिसत नव्हतं. ठाण्यात दिवसाच्या बऱ्याच वेळा अवजड गाड्यांना बंदी असते आणि रात्री ती उठते. ड्रायव्हर म्हणतात, नो एन्ट्री सुटली. सुटेपर्यंत माणसं केबिनमध्ये झोपलेली, स्टोव्हवर काहीतरी शिजवत बसलेली, मोबाइलवर घरच्यांशी बोलत असलेली. आणि सुटली की एका क्षणात सगळी इंजिनं चालू. जो मागे राहिला तो मुंब्रा बायपासच्या कोंडीत अडकला, भिवंडीच्या गोदामात त्याचा नंबर गेला, आणि एक फेरी कमी झाली. फेरीवर पैसे आहेत. टायर बघायला लागणाऱ्या अर्ध्या तासाचे पैसे कुणी देत नाही.

"चार तास हितंच हुबा होता की," मी म्हटलं, "तेव्हा नाही का बघता येत?" (आबांशी बोलता बोलता माझी भाषाही त्यांच्यासारखी होते.) त्यावर त्यांनी मला रांगेकडे बोट दाखवलं. चार तास जो उभा आहे तो त्याआधी रात्रभर चालवून आला आहे. त्याने झोपायचं की वाकायचं? पूर्वी प्रत्येक गाडीवर क्लीनर असे. हवा बघणं, टॉमी मारणं, जोडीत अडकलेले दगड काढणं हे त्याचं काम. आबा स्वतः पाच वर्षं ते करून ड्रायव्हर झाले. आता बऱ्याच गाड्यांवर ड्रायव्हर एकटाच. क्लीनरचा पगार वाचला. तो पैसा कुठून वाचला, हे माझ्या मनगटाला माहीत आहे.

वजनाचंही तसंच. २०१८ मध्ये सरकारने मालवाहू गाड्यांची अधिकृत वजनमर्यादा वाढवली. आबांचं म्हणणं, कागदावर आकडा वाढला म्हणून टायर जाड झाला नाही, आणि जो आधी मर्यादेच्या वर भरत होता तो आता नव्या मर्यादेच्याही वर भरतो. नवा टायर वीस-पंचवीस हजारांच्या घरात जातो. एकच गाडी असलेला मालक दहा टायर एकदम बदलू शकत नाही, तो एकेक ढकलत नेतो. पुढच्या दोन चाकांना चांगले टायर घालतो, कारण तिथे फुटला तर तो स्वतः मरेल. मागे जे असेल ते. मागे फुटला तर गाडी सांभाळता येते, पट्टा मागे पडतो, आणि मागे कोण येतंय ते त्याला दिसत नाही.

करायचं म्हटलं तर करता येतं, हे समृद्धी महामार्गावर दिसलं. तिथे तापलेल्या काँक्रीटवर टायर फुटून अपघात व्हायला लागले तेव्हा प्रवेशापाशीच टायर तपासायला सुरुवात झाली आणि घासलेल्या टायरच्या गाड्या परत पाठवल्या गेल्या. २०२५ च्या जूनमध्ये तो रस्ता भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंत पूर्ण झाला. ७०१ किलोमीटर. इतकं अंतर तापून आलेले टायर आता थेट ठाणे जिल्ह्यात उतरतात आणि तिथून पुढे आपल्या खड्ड्यांत येतात. मला मनापासून वाटतं, की बंदराच्या दारावर, गोदामाच्या दारावर, जिथे नाहीतरी गाडी कागदपत्रांसाठी थांबते, तिथे हवेचा पाइप आणि गेज घेऊन एक माणूस उभा असावा. फुकट. त्याचा पगार माल पाठवणाऱ्याने द्यावा. ज्याचा माल वेळेवर पोचायचा आहे, त्याचाच ट्रक आहे असं मी समजते.

आणि पडलेला पट्टा उचलायचा कुणी? राष्ट्रीय महामार्गावर १०३३ ला फोन करता येतो. कुठे आहे ते नेमकं सांगता यायला हवं, म्हणून मी आता किलोमीटरचे दगड वाचत जाते. स्वतः रस्त्याच्या मध्ये जाऊन उचलायला मी कुणालाच सांगणार नाही, वेगातल्या रस्त्यावर ते जिवावर बेतू शकतं. त्या टेम्पोवाल्या दादाने ते माझ्यासाठी केलं आणि माझ्यानंतर येणाऱ्या, त्याला कधीच न दिसणाऱ्या कितीतरी लोकांसाठी केलं.

आबा आता रात्री जेवण झालं की फिरायला म्हणून रस्त्यावर जातात. सोबत टॉमी असते, काठीसारखी धरलेली. मीही जाते कधी कधी. उभ्या ट्रकच्या रांगेकडेने ते चालतात आणि जाता जाता प्रत्येक टायरवर एक टोला. पहिल्यांदा मला फार संकोच वाटला होता, लोकांच्या गाड्या.

गेल्या आठवड्यात एका ट्रेलरपाशी टॉमी भद वाजली. आबा वाकले, मला म्हणाले, "बॅटरी मार." मोबाइलच्या उजेडात आतला टायर रिमवर बसलेला स्पष्ट दिसला, बाहेरचा फुगून त्याच्या वाटचं उचलत होता. आबांनी केबिनचा दरवाजा वाजवला. बऱ्याच वेळाने काच खाली आली. पंचविशीचा मुलगा, डोळे लाल. "काय बाबा? नो एन्ट्री सुटली?"

"नाय सुटली अजून. डाव्या बाजूचा, मधल्या एक्सलचा, आतला. हवा नाय."

तो चिडून काहीतरी पुटपुटला. मग खाली उतरला, चप्पल न घालताच, गुडघ्यावर बसून आत हात घातला. बराच वेळ तसाच बसून राहिला. उठला तेव्हा आवाज बदलला होता. "बाबा, आता या टायमाला पंक्चरवाला कोण उघडा असेल?"

"नावड्याच्या फाट्यावर एक आहे. हळू चालवायची, वीसच्या वर न्यायची नाय," आबा म्हणाले, आणि टॉमी माझ्या हातात देऊन, दोन्ही हातांनी दांडा धरून त्याच्या केबिनमध्ये चढायला लागले.